उशिरा आलेलं उत्तर

“हा खून आहे,” कसाई म्हणाला. “दिवसाढवळ्या केलेला. आणि खाली तुझं नाव.”

धांदरटाने खुर्ची ओढली आणि त्याच्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर त्याचाच कोड होता, जागोजागी लाल खुणांनी सोललेला. “चहा तरी होऊ दे रे,” तो म्हणाला. “रिकाम्या पोटी किती ऐकून घ्यायचं माणसाने?”

कसाई हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. ऑफिसने ते ठेवलं होतं, जसं धांदरटाचंही, आणि कसाईला आपलं नाव मनातून आवडायचं. इतरांनी लिहिलेला कोड वाचायचा आणि त्यातल्या चुका काढायच्या हे त्याचं काम, पण तो नुसत्या चुका काढत नसे, आतडी बाहेर काढी. ‘हे लिहिताना झोप लागली होती की लिहून झाल्यावर?’ असे शेरे तो सरळ सगळ्यांना दिसतील असे टाकायचा. एक जण त्याचा शेरा वाचून स्वच्छतागृहात जाऊन रडून आला होता. वरचे लोक याकडे काणाडोळा करायचे, कारण कसाईच्या हाताखालून गेलेली गोष्ट तक्रार होऊन परत येत नसे.

त्याच्या टेबलावर येणारं काम ऐकायला अवघड, पण समजायला सोपं आहे. मोठमोठ्या यंत्रांत मेमरीची कार्डं बसवलेली असतात. प्रत्येक कार्डाच्या पोटात त्याचा स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्याशी थेट बोलत नाही. मध्ये ड्रायव्हर नावाचा मध्यस्थ असतो. हा मध्यस्थ कार्डाला विचारतो, बाबा रे, तब्येत कशी आहे, कुठे काही बिघडलंय का? आणि उत्तर लिहायला यंत्राच्या मेमरीतलं एक कोरं पान त्याच्यापुढे ठेवतो. कार्ड त्यावर लिहितं, मध्यस्थ वाचतो, पान परत जमा होतं आणि मग दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला जातं. रोज लाखो वेळा हे बिनबोभाट चालतं.

“आता यात खून कुठे झाला, ते सांग,” धांदरट म्हणाला.

“वेळ संपली की तू काय करतोस?”

“पान परत करतो. थांबलो की मी ठरल्याएवढा. उत्तर नाही, म्हणजे कार्ड मेलं. मेलेल्यासाठी पान धरून बसू?”

“गप्प बसलंय म्हणजे मेलं, हे तुला कोणी सांगितलं?” कसाईचा आवाज चढला. पलीकडच्या टेबलांवरची बोटं थांबली. “ते मेलेलं नसतं. ते उत्तर देतं, उशिरा देतं. आणि देतं तेव्हा पान कुणाचं आहे ते बघत नाही. जुना पत्ता हातात आहे, तिथे लिहून मोकळं होतं. तोवर तिथे दुसराच कोणीतरी राहायला आलेला असतो. त्याच्या उरावर बसतं ते उत्तर.”

“मग काय करू? जन्मभर थांबू?”

“आधी त्याचा हात बांध. कार्डाला सांग, प्रश्न रद्द. त्याने हात आखडता घेतल्याची खात्री कर. मग पान सोड.”

“आणि खात्री झालीच नाही तर?”

“तर पान कुणालाच द्यायचं नाही. बाजूला ठेवायचं. वाया गेलं तरी चालेल.”

धांदरटाने मान डोलावली आणि मग त्याची नजर कसाईच्या उजव्या हाताकडे गेली. बोटांची पेरं सुजून निळी पडली होती, मधल्यावरचं कातडं सोललं होतं. “अरे, हे काय झालं?”

“दार लागलं.”

“मग दाराची तब्येत कशी आहे?” धांदरट स्वतःच्याच विनोदावर हसला. एकटाच हसला.

दार नव्हतं लागलं. आदल्या संध्याकाळची गोष्ट. कसाईची बायको इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती आणि तिची पाळी संध्याकाळची असायची. दिवसभर अप्पांना सांभाळायला येणाऱ्या मावशी संध्याकाळी घरी जायच्या. मग अप्पा, म्हणजे त्याचे वडील, त्याच्या वाट्याला. त्यांना खाऊ घालायचं, पुसायचं, कूस बदलायची. अप्पांचं डोकं आता ठिकाणावर नव्हतं. मुलाला ते कधी मुकादम समजायचे, कधी चोर. त्या संध्याकाळी दुधात भिजवलेला पावाचा घास त्यांनी तोंडात घेतला, चघळला आणि थू करून मुलाच्या तोंडावर उडवला. वर म्हणाले, “हरामखोर. फुकट खातोस माझ्या घरी.”

आवाज जुनाच होता, तसूभरही न बदललेला.

अप्पा वायरमन होते. भिंतीवरच्या खिळ्याला वायरचा एक तुकडा कायम टांगलेला असायचा आणि तो कामाचा नव्हता. मार्क कमी पडले, पाणी सांडलं, बाहेरून यायला उशीर झाला, की तुकडा खाली यायचा. आई एकदा मध्ये पडली, तेव्हा तिची बोटं मोडली. ती नंतर कधी सरळ झाली नाहीत, वाकड्या बोटांनीच ती शेवटपर्यंत स्वयंपाक करत होती. ओरडलं की जास्त फटके बसायचे, म्हणून मुलाने ओरडणं सोडलं. डोकं दोन्ही हातांत धरून तो कोपऱ्यात बसायचा. पुढे अंगापिंडाने अप्पांपेक्षा मोठा झाला तरी त्याने कधी हात उचलला नाही, ब्र काढला नाही. नोकरी लागली, लग्न झालं, आई गेली, म्हाताऱ्याला त्याने आपल्या घरी आणलं. लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा. अप्पांनाही वाटलं असेल, मिटलं सगळं.

तोंडावरचं दूध त्याने पुसलं नाही. पहिली थप्पड बसली तेव्हा पेला भिंतीपर्यंत उडाला. दुसरी मारताना त्याला बरं वाटलं. सांगायला नको वाटतं, पण बरं वाटलं हे खरं. तिसऱ्या वेळी हाताची मूठ झाली होती. अप्पांचं डोकं बाजूला कलंडलं म्हणून ती पलंगाच्या लोखंडी कठड्यावर बसली. कळ डोक्यात गेली आणि त्या कळीचा राग येऊन त्याने म्हाताऱ्याचं मनगट धरून पिरगाळलं. मग ओठातून आलेलं रक्त उशीवर उतरलेलं दिसलं तेव्हा तो थांबला. उशीचा अभ्रा काढून त्याने स्वतः धुतला. बायको आल्यावर म्हणाला, “झटापटीत कठड्याला लागलं. त्यांनाही, मलाही.” तिने अप्पांचं मनगट उजेडात धरून पाहिलं. 

ऑफिसात त्या दुपारी धांदरटाला पुरतं पटावं म्हणून कसाई त्याला तळघरातल्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. लोखंडी मांडणीत यंत्रं घोंघावत होती. कसाईने एका कार्डाच्या फर्मवेअरमध्ये मुद्दाम ढिलाई घातली होती, म्हणजे ते उत्तर देणार, पण वेळ उलटून गेल्यावर. त्याने प्रश्न सोडला. वेळ संपली. धांदरटाच्या ड्रायव्हरने शहाण्यासारखं पान परत केलं. यंत्र मजेत चालू राहिलं.

“बघ,” धांदरट म्हणाला, “काय झालं? काही नाही झालं.”

“थांब.”

आणि मग पडदा फाटल्यासारखा झाला. अक्षरांवर अक्षरं चढली, यंत्राने तडफडल्यासारखा पंखा जोरात फिरवला आणि ते जागच्या जागी मेलं. मरताना त्याने लिहून ठेवलेलं कसाईने वर सरकवत दाखवलं. पान एका साध्या प्रोग्रॅमला मिळालं होतं. यंत्राचं घड्याळ बरोबर चालतंय ना, एवढंच बघायचं काम त्या गरिबाचं. कार्डाचं नावही त्याला ठाऊक नसेल. त्याच्या पानावर कार्डाचं अख्खं उत्तर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोंबलेलं होतं.

“बिचारा,” धांदरट हसत म्हणाला. “त्याचा काय संबंध? घरात बसला होता आपला. पण एवढं काय मनाला लावून घेतोस? मेलं तर मेलं, बटण दाबू, पुन्हा चालू होईल.”

पुढचं कसाईला नीट कळलंही नाही. धांदरटाची कॉलर त्याच्या मुठीत होती आणि धांदरटाची पाठ मांडणीवर आदळली होती. एक कार्ड खाली पडून फुटलं. “मेलं तर मेलं?” तो किंचाळत होता. “मेलं तर मेलं?” दुसरा हात मागे गेला होता, मूठ वळून तयार. धांदरटाने डोळे मिटून दोन्ही हात डोक्यावर घेतले.

ते हात पाहून कसाईची मूठ तिथेच राहिली.

“सोड,” धांदरट अगदी हळू म्हणाला. कॉलर सुटली. त्याने शर्ट नीट केला, तोंड पांढरं पडलं होतं. “कोडसाठी कोणी माणसाला मारतं का रे? काय चाललंय तुझं?”

 कसाई खाली बसला आणि फुटलेल्या कार्डाचे तुकडे वेचू लागला. वर ऑफिसात नेमाने लाल खुणा करणारा माणूस तुकडे वेचतोय हे पाहून धांदरटाला काय वाटलं कोण जाणे, तोही शेजारी बसला आणि वेचू लागला. तक्रार करीन असं तो म्हणाला नाही. नाही करणार, असंही म्हणाला नाही.

कसाई लवकर घरी आला, तर बायकोही घरी होती. कामावर गेलीच नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात मावशी पिशवी काखोटीला मारून उभ्या होत्या. ठेंगण्या, आवाज खणखणीत.

“साहेब, कठड्याला लागलं म्हणालात ना?” मावशींनी विचारलं. “मग मला एक सांगा, कठड्याला पाच बोटं असतात का? मनगटावर उमटलीत, मोजून दाखवू?”

तो बायकोकडे पाहू लागला. ती म्हणाली, “माझ्याकडे काय बघताय? त्यांना उत्तर द्या.”

“मी म्हातारी माणसं खूप बघितलीत,” मावशी म्हणाल्या, “घाण केली, शिव्या दिल्या, मला चावलीसुद्धा. मी हात नाही उचलला. उद्यापासून मी यायची नाही. आणि जाता जाता जिन्यातल्या प्रत्येक दाराला सांगून जाईन.”

तो सरळ अप्पांच्या खोलीत गेला. माफी मागावी असं काहीतरी मनात होतं. उंबऱ्यातून आत पाऊल पडलं मात्र, अप्पांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे सरकले. सुकून काटकी झालेलं अंग, सुजलेला ओठ, आणि निळ्या मनगटाआडून बघणारा एक डोळा. या अंगात तो वायरमन कुठेच नव्हता. ज्याला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं तो केव्हाच निघून गेला होता आणि त्याच्या जागी हा कोणी परका, घाबरलेला जीव राहायला आला होता. हे त्याला लख्ख दिसलं. त्या क्षणी दया यायला हवी होती. पण आली नाही. त्या आक्रसलेल्या अंगाकडे पाहून त्याचा हात पुन्हा शिवशिवला.

तो तसाच मागे फिरला. 

“मावशी, जाऊ नका,” तो म्हणाला. “मी मारलं. परत मारीन, असं वाटतंय मला. म्हणून सांगतोय, जाऊ नका.” मग बायकोला म्हणाला, “मला त्या खोलीत जाऊ देऊ नकोस. एकट्याला नाही, तुमच्यासमोरही नाही. कुलूप घाल. किल्ली तुझ्याकडे ठेव, मी मागितली तरी देऊ नकोस.”

“बापाला खोलीत कोंडून ठेवू?”

“त्यांना नाही कोंडायचं. मला बाहेर ठेवायचं.”

“आणि किती दिवस?”

“हात थांबलाय याची खात्री होईपर्यंत. नाही झाली, तर नाही.”

 बायकोने तोंडावर पदर घेतला आणि पहिल्यांदाच रडली. मावशींनी पिशवी खाली ठेवली.

तसंच ठरलं. बायकोने पाळी बदलून घेतली, पगारात घट आली ती सोसली. मावशी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबू लागल्या. दार दिवसा उघडं असायचं, पण आत कोणीतरी बाई असतानाच. कसाई ऑफिसातून आला की पॅसेजमध्ये, उंबऱ्याच्या अलीकडे, स्टुलावर बसायचा आणि आत अप्पांना घास भरवताना बघायचा. ऑफिसातले शेरे आता छोटे झाले होते. धांदरटाचा दुरुस्त केलेला कोड त्याने एकही लाल खूण न करता मंजूर केला, तर चूक राहिली की काय म्हणून धांदरटाचीच झोप उडाली.

एका संध्याकाळी अप्पांनी चमचा हाताने अडवला आणि दाराकडे बोट केलं. ओठ बरा झाला होता, मनगटावरचं निळं आता पिवळं पडलं होतं.

“तो बाहेर कोण बसलाय?”

“तुमचा मुलगा,” मावशी म्हणाल्या.

“मग आत का येत नाही?”

मावशींनी कसाईकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

“भितोय वाटतं,” अप्पा म्हणाले. मग मावशींच्या कानाशी वाकून, पण बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, समजावल्यासारखं बोलले, “त्याला म्हणावं, ये. मी मारणार नाही.”

कसाईने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर घट्ट बसून राहिला.