उंचीची चकती

निवेदिताने पितळेचं कमळ खाचेत बसवून त्यावरून बोट फिरवलं आणि बोट अडलं. खाच पुन्हा उथळ. कमळ लाकडाशी सपाट बसायला हवं होतं, ते मेलं वर डोकावत होतं. तिने तो चाचणीचा तुकडा कोपऱ्यातल्या ढिगावर भिरकावला.

सावेडीतल्या बंगल्यामागच्या शेडमध्ये तिचं हे सीएनसी राउटर होतं, संगणकाने सांगितल्याबरहुकूम लाकूड कोरणारं. सांगितल्याबरहुकूम म्हणे. त्याला आधी लाकडाची पातळी कळावी लागते आणि ती कळते एका छोट्या धातूच्या चकतीमुळे. चकती लाकडावर ठेवायची, पातं हळूहळू खाली येऊन तिला टेकतं, यंत्र तिची जाडी वजा करतं, की झाली टूलची उंची सेट. आजवर बिनतक्रार होत आली होती. या आठवड्यातच काय धाड भरली होती कोण जाणे.

आणि तीही नेमकी आत्ता. टेबलाशेजारी बेलापूरच्या सत्यशीलाबाईंची सागवानी फळी वाट बघत होती. त्यांच्या आईच्या पेटीचं झाकण होतं ते. आई गेली, पेटी वाळवीने खाल्ली, एवढं झाकण वाचलं. त्यात हे कमळ जडवून त्याचं देव्हाऱ्याचं दार करायचं होतं, उद्याच्या वास्तुशांतीसाठी. उथळ राहिलेली खाच पुन्हा खोल करता येते, पण एकदा का जास्त खोल गेली की लाकूड वाया. सकाळी बाईंचा फोनही येऊन गेला होता.

"ताई, घाई न्हाई माझी. पन आईचं तेवढंच हाय माज्याकडं."

घाई नाही म्हणणाऱ्या माणसांचीच निवेदिताला जास्त धास्ती वाटे.

"पुन्हा बिनसलं का?" म्हणत शामकांत आत आले. हे तिचे सासरे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यापासून देवांची पूजा तेच करत, आणि देवांच्या जोडीने यंत्राचीही.

"बिनसलं. तुम्ही जरा बाहेर बसता का, बाबा?"

"एवढं करतो आणि बसतो." त्यांच्या हातात गंधाची वाटी होती. मागे स्क्रीनवर कुंकू लावलं म्हणून ती त्यांच्यावर चिडली होती, तेव्हापासून स्क्रीन त्यांनी सोडला होता. आता कुठे लावतात ते तिने कधी पाहिलं नव्हतं. आजही त्यांच्याकडे पाठ करून तिने संगणकात खाच अर्धा मिलिमीटर जास्त खोल केली. यात हिशेब काही नव्हता, नुसता वैताग होता.

सत्यशीलाबाईंची फळी तिने टेबलावर घट्ट बसवली. खिळ्याला अडकवलेली चकती काढून दाबून वर ठेवली. पातं टेकलं, उंची ठरली. चकती उचलताना तिच्या शेजारी फळीवर पडलेली लाल खपली दिसली, तिला चिकटलेला तांदळाचा दाणा.

तिने चकती उलटी केली. पाठीवर वाळलेल्या गंधाचे थर होते, मधला मोठा तुकडा सुटून पडलेला, कडेला आजचं ओलं बोट. इतके दिवस या थरांनी चकती उचलून धरली होती, म्हणून खाच उथळ. आणि आता थर सुटलेला असताना अर्धा मिलिमीटर वाढवून कोरलं असतं, तर आईची फळी गेलीच होती.

"बाबा, हे इथे का लावलंत?"

"तूच म्हणाली होतीस ना, सगळं हिच्यावर अवलंबून आहे. म्हणून रोज लावतो. तू वैतागलीस की पुन्हा एकदा."

तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने नखाने चकती खरवडली, पुसली, आकडे पूर्ववत केले आणि उंची नव्याने घेतली. शामकांत वाटी धरून तिथेच उभे.

"मग लावू कुठे?" त्यांनी हळूच विचारलं.

"यंत्राला कुठेही नको."

त्यांनी यंत्राकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. मग पुढे होऊन गंधाचं बोट तिच्याच कपाळाला टेकवलं. "इथे थर साचला तर चालतो ना?"

ती हसली नाही. राग अजून तसाच होता. तिने बटण दाबलं.

कोरून झाल्यावर तिने भुसा झाडला, कमळ खाचेत बसवलं आणि आपला हात मागे घेतला. स्वतः बोट फिरवायचा तिला धीर होईना.

"तुम्ही बघा," ती म्हणाली.

शामकांतांनी डोळे मिटून फळीवरून बोट नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं.

"कमळ आहे कुठे?" ते म्हणाले. "बोटाला लागतच नाही."