पडद्यावरची अकरा मिनिटं

रविवारी दुपारी सासऱ्यांनी सिनेमा लावला. "परग्रहावरच्यांचा आहे," ते म्हणाले. "पाच भयकथा, सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या सापडलेल्या कॅमेऱ्यातल्या. ये, बस."

मी आठवड्याचे सहा दिवस एका गोदामात सीसीटीव्हीच्या सोळा पडद्यांसमोर पहारा करते. सुट्टीच्या दिवशीही तसलंच हलतं चित्र बघायचं म्हणजे कपाळाला हात. पण नवरा कामासाठी परगावी, आणि सासूबाई गेल्यापासून बाबांना असलं काही एकट्याने बघवत नाही. बघितल्याशिवाय राहवतही नाही. बसले.

पहिल्या गोष्टीत गच्चीवर वाढदिवस चालला होता आणि आकाशातून लांब बोटांचं काहीतरी खाली उतरलं. दुसरीत गाडी चालवणाऱ्या बाईच्या मागच्या सीटवर कुणीतरी होतं. बाबांनी उशी छातीशी धरलेली. मी जांभया देत होते.

तिसरीत त्या प्राण्याने एकाला ओढून नेलं, तरी त्याचा मित्र कॅमेरा धरून उभाच.

"अरे, टाक तो डबा आणि धाव की!" बाबा ओरडले. "नुसता बघत काय बसलाय, मूर्ख!"

"कळत नाही हो बाबा," मी म्हटलं. "बघताना कळतच नाही."

माझा आवाज कसातरीच निघाला असावा. त्यांनी सिनेमा थांबवला. "काय झालं गं?"

नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. गेल्या महिन्यात पॅकिंगमधले एक काका नवव्या पडद्यावर खोक्यांच्या रांगेत खाली बसले. मला वाटलं, दमलेत, बसू देत जरा. साहेबांना कशाला कळवा. अकरा मिनिटांनी मी फोन उचलला. तोवर सगळं संपलं होतं. चौकशीत मला कुणी चकार शब्दाने बोललं नाही.

"घरी कोण आहे त्यांच्या?"

"बायको."

"भेटलीस?"

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच. चल, मी येतो."

काकूंनी दार उघडलं. मी दारातच सगळं सांगून टाकलं, अकरा मिनिटांसकट. वाटलं, आता दार तोंडावर आपटतील. त्यांनी चौकटीचा आधार घेतला.

"म्हणजे तू बघत होतीस."

"हो."

"तडफडले का गं?"

"नाही. बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग भिंतीला डोकं टेकवलं."

"टोपी काढली," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "सगळे मला सांगत होते, एकटेच गेले म्हणून."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, मला पलंगावर शेजारी बसवलं आणि डोळे पुसले.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश सांग."