नेम चुकला म्हणून

मर्डो मॅकास्किलचा नेम चुकत नाही, हे आमच्या खोऱ्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्यामुळे मंगळवारी तो चुकला तेव्हा म्हाताऱ्याने सगळं खापर बंदुकीवर फोडलं.

"नळी झिजलीय," तो न्याहारीला टोस्टवर लोणी थापत म्हणाला. "टाकीपाशी एवढा थोरला ससा बसलेला, आणि हुकतो म्हणजे काय? नवी घ्यायची. शनिवारी जाऊ बेव्हनच्या दुकानात."

त्याची मुलगी ऐल्सा भांडी विसळत होती. ती वळली नाही, एकच बशी पुन्हा पुन्हा विसळत राहिली.

टाकीपाशी ससा नव्हताच मुळी. ऐल्सा होती. तपकिरी लोकरीची टोपी कानांवर ओढून गळकी तोटी आवळायला उकिडवी बसली होती. गोळी शेजारच्या खडकावर आपटली आणि किंचाळत तिच्या डोक्यावरून गेली. पाठोपाठ पडवीतून आवाज आला, "हुकला लेकाचा!" ती तशीच चिखलात पडून राहिली. म्हातारा आत जाऊन किटली चढवेपर्यंत तिने मान वर केली नाही.

तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? डॉक्टरला सांगितलं तर बंदुकीचा परवाना जाणार, आणि सशांच्या मागे फिरणं एवढंच तर म्हाताऱ्याजवळ उरलं होतं. दहा ससे एका मेंढीचं गवत फस्त करतात, हे तो कुत्र्यालाही ऐकवायचा. शेजाऱ्यांना सांगितलं तर दुपारपर्यंत मेंढ्यांच्या बाजारात चर्चा. आणि खुद्द बाबाला सांगायचं? "बाबा, तू मला मारणार होतास"? जीभच उचलेना. कुत्र्याला दोनदा खायला घालणं, ऐल्सालाच "विनी" म्हणून आईच्या नावाने हाक मारणं, हे तिने हसण्यावारी नेलं होतं. आता हसू कुठलं यायला!

तिला सगळ्यात भीती कशाची वाटत होती, सांगू? जुनी बंदूक झिजलेली होती, म्हणून ती जिवंत होती. नवी चुकली नसती.

शनिवारी वारा सुटला होता. पिकअपमध्ये म्हातारा शीळ घालत बसला होता, अंगावर ठेवणीतला कोट आणि खिशात हात. त्या खिशात जुन्या बंदुकीचा बोल्ट होता. आमच्याकडे ही रीतच आहे. बंदूक कपाटात एका कुलपात, आणि चाप ओढल्यावर काडतूस पेटवतो तो पोलादी बोल्ट काढून भलतीकडेच. बोल्ट नसला की बंदूक म्हणजे नुसती काठी. मॅकास्किलांच्या घरी तो विनीच्या बिस्किटांच्या डब्यात असायचा. शिकारीला जायचं तर मर्डोने तिच्यापुढे हात पसरायचा, तिने त्याचं तोंड न्याहाळायचं, आणि मग द्यायचा. एकदा तो बिअर पिऊन आला तर "आज मेंढ्या मोज जा" म्हणून तिने चक्क हाकलला होता. ती गेली आणि बोल्ट म्हाताऱ्याच्या खिशात गेला. रात्री कोट उशाखाली. ऐल्साने तो काढून घ्यायचा दोनदा प्रयत्न करून पाहिला होता.

"या या, मर्डो!" बेव्हन काउंटरमागून ओरडला. पोट सुटलेला, एप्रन लावलेला माणूस. "अजून जिवंत आहेस? मला वाटलं सशांनी तुला खाल्लं."

"तुझ्यासारखं चरबीचं पोतं सोडून मला कशाला खातील?"

दोघं खो खो हसले. ऐल्सा दाराशी उभी होती. टोपी तिने काढली नव्हती, वाऱ्याने कान दुखत होते.

बेव्हनने एकेक बंदूक खाली काढली. कुणाच्याही हातात देण्याआधी तो बोल्ट खेचून स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकत असे. प्रत्यक्ष बिशप आला तरी हा नियम मोडायचा नाही. म्हातारा एकदम ताठ झाला. दस्ता खांद्याला लावून पाहिला, नळीतून उजेडाकडे पाहिलं, नखाने लाकूड वाजवलं. इतका शहाणा, इतका जागा माणूस! क्षणभर ऐल्साला वाटलं, आपलंच डोकं फिरलंय. तो खरंच ससा असेल, दुसरा कुठलातरी, माझ्या मागचा.

"पॉइंट टू-टूच्या नळीचीच बरी," म्हातारा म्हणाला. "आवाज कमी. एक पडला तरी दुसरा चरत बसतो."

"पण ही पॉइंट सेव्हन्टीन बघ तरी. गोळी बारीक, पण सुसाट. सरळ जाते. ही घेतलीस ना मर्डो, तर चुकायचं म्हटलंस तरी चुकणार नाहीस."

ऐल्सा दारापासून पुढे आली. "एवढी चांगली कशाला हवी?" ती मध्येच म्हणाली. "जुनीच दुरुस्त करू की. नाहीतर सापळे लावू."

"सापळे!" म्हातारा फिस्कारला. "ऐकलंस? खाण तशी माती, अगदी आईवर गेलीय. अगं, चांगली बंदूक म्हणजे सशावर दया असते. एका गोळीत खेळ खलास. कळायच्या आत."

कळायच्या आत. ऐल्सा वळली, मागच्या दाराने बाहेर पडली आणि दुकानामागच्या चढावर धावली. रानटी थाइमच्या झुडपाआड बसून तिने सकाळचा चहा ओकून टाकला.

तोंड पुसून तिने मान वर केली, तर दुकानाच्या मागच्या उघड्या खिडकीतून नळीचं तोंड तिच्याकडे रोखलेलं.

गिऱ्हाइकांनी बंदुकीवरच्या दुर्बिणीतून बघावं म्हणून बेव्हन ती खिडकी उघडी ठेवतो, समोर नुसता उघडा डोंगर असतो म्हणून. हे ऐल्साला ठाऊक होतं. बोल्ट बेव्हनच्या खिशात आहे, हेही ठाऊक होतं. पण जिवाला कोण समजावणार! तिची पाचावर धारण बसली. ती होती तशीच झुडपाआड राहिली.

"दिसला," आतून आवाज आला. हळू, खुशीतला, सुट्टीच्या दिवशी आपल्याला पॅनकेक करून देणाऱ्या बाबाचा आवाज. "झुडपात बसलाय लबाड. हलू नको हं, राजा. कानाच्या जरा खाली…"

"कुठाय?" बेव्हन काडतुसांची खोकी हुडकत होता.

नळी किंचित खाली आली आणि थांबली. ती बरोबर कुठे थांबली ते ऐल्साला कपाळाच्या कातड्यावर जाणवलं. लहानपणी याच माणसाने तिला शिकवलं होतं, निशाण काय आहे ते पक्कं ओळखल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. आणि आता त्याचं बोट वाकताना तिला दिसत होतं.

तिने टोपी उपटून फेकली. लाल केस वाऱ्यावर उडाले.

चाप ओढल्याचा बारीकसा आवाज झाला. बाकी काही नाही. मग बेव्हनचा आवाज आला, चिरकलेला, "मर्डो! अरे माणसा, ती ऐल्सा आहे!"

ती आत गेली तेव्हा बंदूक काउंटरवर पडली होती. म्हातारा स्टुलावर बसून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता, जसा काही तो दुसऱ्याचा आहे.

"टाकीपाशी," तो म्हणाला. "टाकीपाशी पण टोपी होती."

ऐल्सा त्याच्यासमोर येऊन थांबली.

"तू होतीस?"

"हो, बाबा."

"आणि तू चार दिवस मला सूप वाढत होतीस?" त्याचा आवाज फाटला. "बोलली का नाहीस, गाढवे? थोबाडीत का नाही मारलीस माझ्या?"

"भीती वाटत होती रे," ती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. "तुझी भीती वाटत होती. मला कधी तुझी भीती वाटली नव्हती."

बेव्हनने तोंड फिरवलं आणि उगाचच एक खोकं पुसू लागला.

म्हातारा स्टुलाच्या कडेला सरकला. मग उठला, सेव्हन्टीन उचलली आणि बेव्हनला म्हणाला, "दस्ता हिच्या हाताला लांब होतो का बघ. परवाना आहे हिच्याकडे, मीच काढायला लावला होता. टू-टू नको. टू-टूची गोळी दगडावरून उडते, आणि आमच्याकडे दगडच दगड. या सेव्हन्टीनची गोळी आपटली की तिथल्या तिथे भुगा होते. हिला हीच दे." मग त्याने खिशातला जुना बोल्ट काढून ऐल्साच्या मुठीत कोंबला. बेव्हनकडून नवा घेतला, तोही कोंबला. "ससे तू मारायचेस. मी मेंढ्या मोजेन. आणि ऐक, मी मागितला तरी देऊ नको. पाया पडलो, शिव्या घातल्या, तरी नाही. माझ्या तोंडाकडे बघूसुद्धा नको, विरघळशील."

"नाही देणार."

"शपथ?"

"आईची शपथ."

परतताना तिने त्याला बेकरीतलं रस्सेदार मटणाचं पॅटिस घेऊन दिलं. तो कागदातूनच खात होता, मिशीला रस्सा लागला होता. ऐल्साच्या छातीवरचं ओझं मंगळवारपासून पहिल्यांदा जरा हललं. दोन्ही बोल्ट तिच्या कोटाच्या खिशात एकमेकांवर वाजत होते.

पूल ओलांडल्यावर म्हाताऱ्याने कागद चुरगाळला आणि मागच्या सीटवरच्या नव्या बंदुकीकडे वळून पाहिलं.

"छान आहे बंदूक," तो म्हणाला. "आता बघतो कसा हुकतो ते. परवा टाकीपाशी एवढा थोरला बसला होता, सांगितलं का तुला? हुकला लेकाचा. संध्याकाळी परत येईल तो." त्याने खिसे चाचपले, एक, मग दुसरा. "बोल्ट कुठाय गं?"

ऐल्साने रस्त्यावरची नजर काढली नाही. त्याच्या तोंडाकडे तिने पाहिलं नाही. एक हात तिने खिशातल्या बोल्टांवर ठेवला.

"आईकडे आहे, बाबा."

"विनीकडे?" म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला आणि मिशी पुसली. "मग झालं. आता तिच्यापुढे हात पसरायला हवा."