ट्रॉयच्या चर्चमधलं बुजवलेलं दार

मी एक दार बोलतंय. परवापर्यंत तुम्ही मला दार म्हटलंच नसतं. दगडी कमान आणि आत नुसती भिंत. हसा खुशाल.

इंग्लंडातल्या एका खेड्यात आठशे वर्षांचं चर्च आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी तिथलं उत्तरेचं दार म्हणे उघडं ठेवत, सैतान बाहेर पळावा म्हणून. पुढे सैतानाची भीती सरली, थंडीची उरली, आणि लोकांनी ते बुजवलं. त्याच गावचा एकजण मिशिगनमध्ये गाड्यांचे भाग बनवून गब्बर झाला. गावाच्या आठवणीने त्याने इथे ट्रॉयमध्ये तस्संच चर्च उठवलं. चौकोनी मनोरा, त्यावर किल्ल्यासारखे दाते; बाण कोणावर मारायचे होते, देव जाणे. तिथली एक भिंत मागाहून जोडल्याने वाकडी झाली होती, इथे ती मुद्दाम वाकडी बांधली. आणि मला तर बुजवलेलंच जन्माला घातलं. मक्षिकास्थाने मक्षिका म्हणतात ते हेच.

लग्नं, शवपेट्या, रुसवेफुगवे सगळं मोठ्या दाराच्या वाट्याला. माझ्यापाशी लोक ओल्या छत्र्या टेकवत. एकदा मार्जरी नावाच्या चिमुरडीने मला दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं. उघडलं नाही म्हणून ती रडली. मलाही फार वाईट वाटलं होतं.

तीच मार्जरीबाई आता वॉकर घेऊन चर्चचा कारभार बघते. येणारे मूठभर म्हातारे. छप्पर तगलंय ते मराठी मंडळाच्या भाड्यावर. रविवारी दुपारी इथे शुभाकाकूंची मराठी शाळा भरते, भाद्रपदात गणपती बसतो. यंदा आगीच्या सुरक्षेची तपासणी करणारा फायर मार्शल आला आणि बजावून गेला, बाहेर पडायला दुसरी वाट करा, नाहीतर कार्यक्रम बंद. म्हणजे भाडं बंद, आणि मग चर्चलाच कुलूप.

काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. हे जुनं दार उघडलं की झालं, त्यात काय एवढं! काम मंडळातल्या विनयकडे गेलं. तो गाड्यांची दारं डिझाइन करतो, तेव्हा दारातलं सगळं त्यालाच कळणार, असा मंडळाचा पक्का समज. मार्जरीबाईने कमिटीची परवानगी आणली. गवंड्याने चार दगड काढले, तर आत पुन्हा भिंतच.

"काकू, इथे दार कधी नव्हतंच. नुसता शो आहे," विनय म्हणाला.

इतक्या वर्षांचं माझं बिंग फुटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मार्जरीबाई तर मटकन बाकावर बसली.

काकूंनी मात्र पदर खोचला. "नव्हतं ना? मग आता करा. कमान तर तयार आहे."

भिंत कापली, पोलादी तुळई बसली, ओकची फळी लागली. मार्शल येऊन पास करून गेला. त्या रविवारी काकूंनी तोरण बांधलं, रांगोळी घातली आणि उंबऱ्यापलीकडे तांदळाचं माप ठेवलं. फायर एक्झिटच्या वाटेत काही ठेवायचं नसतं, असं विनय पुटपुटला. आजचा दिवस गप्प बस, असं त्याला सांगण्यात आलं.

पहिला मान कोणाचा, यावर मंडळात भांडण होणार हे मला ठाऊक होतं. झालं नाही. काकूंनी मार्जरीबाईला पुढे केलं आणि खुणेने उजवा पाय दाखवला.

तिने वॉकर सोडला. दोन्ही हात माझ्यावर ठेवले, पूर्वीसारखेच, आणि ढकललं.

मी उघडलं.

आता एकच विनंती आहे: छत्र्या दुसरीकडे ठेवा.