मी स्वयंभू नाही

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो, आणि सध्या भयंकर वैतागलेला आहे. माझं नुसतं डोकं जमिनीवर आहे, बाकी सगळं अंग मातीत. पण तेवढं डोकंही रोज फिरतं.

तेलंगणात गाव वसलं की मधोमध एक दगड पुरतात. त्याला बोड्राई म्हणतात, म्हणजे गावाची बेंबी. तो मी. हैदराबाद तेव्हा इथून लांब होतं आणि इथे खडकांशिवाय काही म्हणजे काही नव्हतं. निजामाच्या अमलात पडीक जमीन कसायला मिळते म्हणून केशवराव नांदेडकडून बैलगाड्या घेऊन आले. सायन्ना शेजारच्या गावचा, तेलुगू बोलणारा. त्याला तिथल्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, म्हणून तो बायकापोरांसह इकडे आला. दोघांनी मिळून विहीर खणली. पहिल्याच वर्षी तापाची साथ आली आणि घाबरलेली माणसं गाड्या जुंपून परत निघाली. तेव्हा सायन्नाने खड्डा खणला, केशवरावांनी मला गाडीत घालून आणलं, खाली नवधान्य टाकून दोघांनी मला बसवलं. बोड्राई बसते त्या दिवशी शिवेबाहेर पाऊल टाकायचं नसतं. कोणी टाकलं नाही, आणि मग सगळे राहिलेच. माझ्यावर पाण्याचा पहिला तांब्या सायन्नाने ओतला. दर वर्षी तो मान त्याच्याच घराला.

पुढे हैदराबाद पसरत इथवर आलं, सरकारी धोरणं बदलली, परदेशी कंपन्या येणार अशी हवा झाली आणि शेतांचे प्लॉट पडले. केशवरावांचा नातू अप्पाराव हैदराबादेत काचीगुड्याला राहतो. त्यानेही जमीन विकली. विकू दे बापडा! पण नव्या रस्त्यात मी आडवा येत होतो. बुलडोझर आला तसा अप्पारावाचा जीव तुटला आणि त्याने ठोकून दिलं, की हा स्वयंभू महादेव आहे, हलवाल तर भोगाल. बुलडोझर मागे फिरला.

त्याची बायको सत्यवती फटकळ. ती म्हणाली, "स्वयंभू? मग तुमचे आजोबा इथे काय गोट्या खेळत होते?"

"चूप बस गं," अप्पाराव म्हणाला. "देव म्हटलं म्हणून राहिला. नुसता दगड असता तर मोरीत गेला असता."

वाचलो खरा, पण ही काय तऱ्हा! कॉलनी झाली, पुण्याहून कंप्युटरवाली मंडळी राहायला आली. त्यांनी मला ऑइलपेंटचे डोळे काढले, भोवती जाळी ठोकली, जाळीला कुलूप घातलं. रोज डोक्यावर दूध ओततात. ते वाळतं आणि मुंग्या लागतात. कोणाला सांगू?

यंदा बोड्राईच्या दिवशी सायन्नाचा नातू गौतम तांब्या घेऊन आला. तो हैदराबादेतच तारनाक्याला रेल्वेत नोकरीला आहे. अप्पाराव आणि सत्यवतीही आले होते. कॉलनीचे सेक्रेटरी हर्षद यांनी त्याला अडवलं. अगदी नम्रपणे हो, माणूस वाईट नाही. म्हणाले, अभिषेक फक्त पुजारी करतात. गौतम म्हणाला, माझ्या आजोबांनी बसवलाय हा दगड.

"अहो, हा स्वयंभू आहे. कोणी बसवलेलाच नाही," हर्षद म्हणाले आणि अप्पारावाकडे वळले. "हो ना, अप्पाराव?"

बोल रे बाबा, मी मातीतल्या मातीत ओरडत होतो. सत्यवती नवऱ्याकडे टक लावून पाहत होती. अप्पारावाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बुलडोझर आला होता त्या रस्त्याकडे.

"हौ," तो म्हणाला. "स्वयंभूच."

तांब्यातलं पाणी गौतमने बाहेरच्या जास्वंदीला घातलं आणि तो बसस्टॉपकडे गेला. सत्यवती त्याच्या मागे धावली, पण बस निघून गेली होती.

अप्पारावाला शिव्या तरी कशा देऊ? त्याने मला वाचवलं, आणि ज्यांनी मला बसवलं त्यांनाच पुसून टाकलं. मित्रांनो, तुमच्या कॉलनीत असा रंगवलेला दगड असेल तर नमस्कार मागाहून करा. आधी विचारा, याला इथे आणला कोणी? आपोआप आला असं कोणी म्हणालं तर मुळीच ऐकून घेऊ नका. मला रस्त्यातून उपटायचं तर खुशाल उपटा. पण आहे तोवर या जाळीचं कुलूप काढा. एका गावाने सायन्नाला पाणी भरू दिलं नाही, म्हणून तर हे गाव झालं.