नत्थुजींचा काटा

न्हाणीतून पाण्याचा आवाज येत नव्हता, धपधप असा येत होता. कुंदाने दार ढकललं. तिची आठ वर्षांची पोर, निधी, घामाने निथळत उड्या मारत होती.

"काय करून राह्यली वं?"

"व्यायाम."

"सकाळी मैदानाले चकरा मारल्या, आता हे. अन् भाकर काहून बकरीले टाकली?"

निधी भिंतीला टेकली. "मले कोहळं नाई व्हायचं," ती म्हणाली.

कुंदाला बाजारातला तो काटा आठवला. अकोल्याच्या जुन्या शहरात तिचं भाजीचं दुकान. माल घ्यायला ती पोरीसकट बाजारात जायची. तिथले अडते नत्थुजी भाजीवाल्या बायांच्या लेकरांना मोठ्या काट्यावर बसवून वजन पुकारायचे. माणूस मनाने वाईट नव्हता, तोंडाला मात्र कुलूप नव्हतं. पोळ्याच्या सुमारास त्यांनी निधीचं वजन पुकारलं आणि वर "कोहळं झालं, कोहळं" अशी जोड दिली. सगळे हसले. कुंदाही पोट धरून हसली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, हा हट्ट नाही, आजार आहे. जबरदस्ती करू नका, तिच्या अंगावरून बोलू नका, सोबत बसून जेवा आणि दर आठवड्याला दाखवायला आणा. धंद्याच्या वेळी कुंदा उभ्या जन्मात बसून जेवली नव्हती, ती आता बसू लागली. निधी कधी अर्धी भाकर खायची, कधी ताट सरकवायची. कुंदाला रडू यायचं, ते गिळून ती पुढचा घास घ्यायची.

तुरीच्या शेंगा आल्या तेव्हा कुठे निधी पुन्हा बाजारात यायला तयार झाली. नत्थुजींनी लांबूनच हाक मारली, "ये पोट्टे, बस काट्यावर."

निधीने आईचा पदर घट्ट धरला. कुंदा पोरीच्या आणि काट्याच्या मधे उभी राहिली.

"नत्थुजी, वांगे तोला. माही पोरगी तोलायची नाई. इथं कोणाचंच लेकरू तोलायचं नाई आता."

आजूबाजूच्या बाया वळून पाहू लागल्या. उद्याचा माल याच माणसाकडून घ्यायचा होता, पण कुंदा हलली नाही. नत्थुजींनी निधीच्या काटकुळ्या मनगटाकडे पाहिलं.

"चुकलं माय," ते हळूच म्हणाले आणि वांग्यांची पाटी काट्यावर ठेवली.

दुपारी दुकानात कुंदाने उकडलेल्या शेंगांचा डबा उघडला. निधीने एक सोलली, मग दुसरी. टरफलांचा ढीग वाढत गेला.

"आई, अजून हायेत का?"

इतका आनंद कुंदाला कधी झाला नव्हता. आपल्या वाट्याच्या शेंगा तिने पोरीपुढे ओतल्या. समोर एक गिऱ्हाईक पालकाची जुडी हलवत भाव विचारत होतं.

"थांबा जरा भाऊ," कुंदा म्हणाली. "पोरगी जेवून राह्यली."