तीन रेघांची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची वाटी. काठाला पोचा, पोटात गोल तीन रेघा. कारखान्यात पत्र्यावर दट्ट्या धाडकन बसला आणि मी जन्मले. रडायलाही सवड मिळाली नाही. मग कितीतरी वर्षं भरत होते, रिकामी होत होते. पोचा पडला तशी ताटातून उठले आणि शिलाई मशीनशेजारी जाऊन बसले. पोटात बटणं, हुक, टाचण्या. ना धुणं, ना पुसणं. मला कुणी भांड्यांत मोजेना.

त्या मशीनवर कपडे शिवणारी बाई आई झाली आणि लगेच तापानं अशी पडली, की तीन आठवडे दवाखान्यात. तान्ही ठकू घरी आजीपाशी, बाटलीनं डब्याचं दूध पीत राहिली. त्या दुधानंच ती जगली, हे मी विसरत नाही. पण आई परतली, तिनं लेकीला उराशी धरलं, तेव्हा ठकूनं दोनदा ओढून पाहिलं, मान फिरवली आणि लालबुंद होऊन आकांत मांडला. आईचं दूध आटलं होतं.

"मला हिला अंगावर पाजायचंय," आई म्हणाली.

"आटलेलं परत येतं होय?" सासूबाई म्हणाल्या. "माझी नात अर्धपोटी राहता कामा नये हं, सांगून ठेवते."

घरी तपासायला येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "येतं की! बाळ ओढेल तसं येतं. पण ओढायची गोडी लागली पाहिजे ना? थोडं फसवू या छोट्या बाईसाहेबांना."

त्यांनी एक बारीक नळी काढली. तिचं एक टोक राहणार वाटीतल्या डब्याच्या दुधात, दुसरं आईच्या छातीशी चिकटवलेलं. ठकू ओढणार आईला, दूध येणार वाटीतून. आणि ओढता ओढता आईलाही पान्हा फुटेल. "उकळता येईल अशी पसरट वाटी द्या," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी टाचण्या टेबलावर ओतल्या आणि मला उचललं.

मित्रांनो, दिवसातून दहा वेळा मी उकळत होते, भरत होते. ठकू ओढायची, माझी एकेक रेघ उघडी पडायची. आईचे डोळे लेकीवर कमी, माझ्या रेघांवर जास्त. पहिल्या शुक्रवारी वजन वाढलेलं दिसलं. नर्सबाईंनी तीन रेघांचं दूध दोनवर आणलं आणि मला रोज थोडं खाली ठेवायला सांगितलं, म्हणजे ठकूला नळीतून ओढणं जड जाईल आणि ती आईलाच जोरानं ओढेल. "पुढच्या शुक्रवारी वजन घटलं, तर मात्र पुन्हा बाटली," त्यांनी बजावलं.

मधल्या गुरुवारी, भर दुपारी, मी खालच्या स्टुलावर होते. ठकू चिकटली. एक मिनिट गेलं, पाच गेली. माझ्यातलं दूध जागचं हलेना.

"आई, ही पीतच नाहीये हो!" ठकूची आई सासूबाईंना म्हणाली.

सासूबाईंनी नळी काढून पाहिली. थेंब टपकला. नळी मोकळी होती. पुन्हा लावली. दूध तेवढंच. मी का रिकामी होत नाही? माझ्यामुळे पोर उपाशी राहतंय का?

"उद्या वजन आहे," आईचा आवाज फाटला. "द्या ती बाटली. हरले मी."

सासूबाई बाटली घेऊन आल्या, ठकूला सोडवायला वाकल्या आणि वाकल्या तशाच थांबल्या.

"पंखा बंद कर."

"काय झालं?"

"बंद कर म्हणते ना!"

आईनं हात लांबवून बटण दाबलं, पंखा घरघरत थांबला. त्या शांततेत ठकूच्या गळ्यातून आवाज आला: गटक. मग थोडं थांबून, गटक, गटक. ओठाच्या कोपऱ्यातून पांढरा ओघळ निघाला.

"अगं वेडे," सासूबाई म्हणाल्या, "वाटीचं कशाला पिईल ती? तुझं पितेय!"

आई हसली की रडली, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी काट्यावर ठकूचं वजन वाढलेलंच निघालं. पुढं महिनाभरात दोन रेघांची एक झाली, मग तीही सरली.

मित्रांनो, आम्हा वाट्यांचं कौतुक रिकामं होण्यात. मी जन्मात एकदाच भरलेली राहिले आणि त्या दिवशी घर आनंदलं. तुमच्या घरी तान्हं बाळ आलं, तर त्याच्या आईला तासातासाला "पुरतंय का, पोट भरतंय का" असं विचारू नका. बाळ कशावर वाढतंय यावरून तिला टोचू नका. तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या भरून ठेवा, आणि ती "हरले" म्हणाली, तर आधी तिच्याजवळ वाकून कान द्या.